बर्फाची लादी

रेवदंडा,
शुक्रवार

प्रिय जैनू,

तुझी तार मिळाली. एप्रिलमध्ये सीझन संपला की निघतो, असं तू कळवलंस. तारेत माणूस तुटकच बोलतो, त्याला माझी हरकत नाही. पण मी तुझा बाप आहे, चार शब्द जास्त लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. कुबरा म्हणत होती, बाबा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, तू तुझ्या चुलीकडे बघ, मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलोय मी. ती फणकारून निघून गेली. सासरहून आली आईच्या आजारपणासाठी, पण हुकूम सगळा माझ्यावर चालवते आणि माझी तंबाखू लपवून ठेवते. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे. जन्मभर सुकाणू धरलेल्या हाताला टाक धरवत नाही.

तुझ्या आईच्या पायांवर सूज आली ती पावसाळा सरल्यावर. आधी वाटलं, उतरेल. मग जिना चढताना धाप लागायला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हिचं काळीज मोठं झालंय. मी म्हटलं, ते मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. डॉक्टर काही हसले नाहीत. औषधाची बाटली दिली आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. त्याच दिवशी तिथूनच मी तुला तार केली होती.

आईला एकच ध्यास होता, जैनूला एकदा पाहायचं. तू गेलास सत्तेचाळीस साली, मिसरूड फुटायच्या आधी, बोटीवरचा खलाशी म्हणून. त्या थंड बंदरात तुला न्यूमोनिया झाला, तुला इस्पितळात टाकून बोट पुढे गेली, आणि तू तिथलाच झालास. मासळीच्या वखारीत कामाला लागलास हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, एवढ्या लांब जाऊन शेवटी मासळीच का? मग तुझं ते गोठलेल्या तळ्यावरचं हॉकी खेळणं सुरू झालं. पायांत लोखंडी पात्याचे बूट, हातात दांडकं, आणि रबराची चकती दगडासारखी अंगावर येते ती अडवायची. आणि त्याचा पगार मिळतो! गावात कोणाला पटेना. बर्फ म्हणजे आपल्याला पापलेटाच्या खालीवर घालायची वस्तू, त्यावर माणूस उभा राहतो आणि लोक तिकीट काढून बघतात, हे मी मशिदीच्या ओट्यावर बसून किती जणांना समजावलं असेल. मौलवीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, करमअली, पण तो काम काय करतो?

मला मात्र नवल वाटलं नव्हतं. मंगळुरी कौलांचा मचवा बंदराला लागला की माणसांची रांग लागायची, मचव्यापासून गाड्यापर्यंत. एकानं कौल फेकायचं, दुसऱ्यानं झेलून पुढे द्यायचं. त्या रांगेत तू एवढासा होतास तेव्हापासून उभा राहायचास. माझ्या मचव्यावर एकच कायदा होता, कौल येताना डोळा मिटायचा नाही. डोळा मिटला की कौल फुटलंच, नाहीतर हाताचं बोट तरी. मोठी माणसं नाक फोडून घ्यायची, पण तुझ्या हातून कौल पडलेलं मला आठवत नाही. गोलाच्या तोंडाशी तुला उभा केला असं तू लिहिलंस तेव्हा मी आईला म्हटलं, बघ, त्या गोऱ्यांनी बरोबर माणूस हेरला. पुढे तू मोठ्या संघात गेलास, छापील चित्रात तुझं नाव आलं, ते इंग्रजीत असूनही मी सगळ्या बंदराला दाखवून आलो. काही वर्षं मी जरा ताठ चाललो, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी चौलचा अंबाजी सुट्टीवर आला. त्याची बोट तुमच्या बंदराला लागली होती, हे तुला माहीत आहेच. आईसाठी तू दिलेली लोकरीची शाल त्यानं घरी आणून दिली, चहा प्यायला, तुझी खुशाली सांगितली. पण जाताना मला म्हणाला, तांडेल, जरा बंदरापर्यंत चला. आणि तिथे जाळी वाळत होती त्यांच्या आड उभा राहून त्यानं मला सगळं सांगितलं. रबराची चकती डाव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला. खेळ सुटला, त्यालाही आता दोन हिवाळे झाले. जैनू आता खेळाच्या मधल्या सुट्टीत फावडं घेऊन बर्फ साफ करायला उतरतो, आणि आपलं नाव ओळखणारं कोणी दिसलं की पाठ फिरवतो. तिथल्या एका म्हाताऱ्यानं अंबाजीला सांगितलं म्हणे, दुसरा कोणीही असता तर त्यानं डोळा मिटला असता, मान फिरवली असती. याचा डोळा शेवटपर्यंत उघडा होता.

हे ऐकून मला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी माझ्या मचव्यावरचा कायदा आठवला. मी अंबाजीला शपथ घातली, घरात बोलायचं नाही. तुझी पत्रं येत राहिली, अमक्या संघाला हरवलं, तमक्याला हरवलं. मी ती आईला वाचून दाखवत राहिलो. वाचताना आवाज स्थिर ठेवायचं काम मचवा वादळात ठेवण्यापेक्षा अवघड होतं, एवढंच सांगतो.

पण ती तुझी आई. मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवतोय. एक दिवस तिनं तुझे सगळे फोटो खाटेवर ओळीनं मांडले आणि मला बोलावलं. म्हणाली, हे बघा, या फोटोत जैनू समोर बघतो, यातही समोर बघतो. आणि ह्या तिन्हींत उजवीकडचंच तोंड दाखवतो. दुसऱ्या बाजूला काय झालंय माझ्या लेकराच्या? तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती समजली. रडली नाही. फोटो गोळा केले, शालीत गुंडाळले आणि उशाखाली ठेवले. मग म्हणाली, लाजतो पोर. आईला तोंड दाखवायला लाजतो. मी काय त्याला खेळासाठी जन्माला घातला न्हाय.

एप्रिलमध्ये निघतो अशी तुझी तार आली तीसुद्धा मी तिला वाचून दाखवली. सीझन, असं पुटपुटली आणि हसली. त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी तिनं मला बर्फ आणायला सांगितला. मला वाटलं, घशाला कोरड पडली असेल, मी तांब्या घेतला. तर म्हणाली, तांब्या नको, लादी आणा. पोर कशावर उभा राहतो ते मला बघायचंय. कुबरानं डोक्याला हात लावला. मी बंदरावर येसाजीकडे गेलो. तो आता मासळीचा मोठा दलाल झालाय, मुंबईहून त्याचा बर्फ येतो. त्यानं काही विचारलं नाही, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली अख्खी लादी हातगाडीवर घालून दिली.

अंगणात लादी ठेवली, धुतली. आईला धरून पडवीच्या कडेला बसवलं. तिनं सुजलेले पाय हळूच लादीवर टेकवले आणि झटकन उचलले. म्हणाली, अगो बाई, हे तर भाजतंय. मग पुन्हा टेकवले आणि तसेच ठेवले. मग हट्ट धरला, उभी राहणार. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात टाकून ती उभी राहिली, जैनू, तुझी आई, जिनं जन्मात चिखलाशिवाय कशावर पाय घसरू दिला नव्हता. तोल गेला, मी धरली, आणि आम्ही दोघं म्हातारी त्या लादीवर घसरत हसत सुटलो. कुबरा ओरडत होती. खाली बसल्यावर आई म्हणाली, एवढ्या थंडीत उभा राहिला माझा पोर, आणि डोळा मिटला न्हाय. मग मला म्हणाली, त्याला लिहा, आईला ठाऊक आहे. लिहा, उरलाय तेवढा ये. मी म्हटलं, उद्या लिहितो. ती म्हणाली, आणि मला पुन्हा बर्फ आणू नका. येसाजी देईल, पण आणू नका. मी गेले की जैनूसाठी मला बर्फावर ठेवाल, तुमचा भरवसा न्हाय. थांबायचं तेवढं मी जित्तेपणी थांबले.

मंगळवारी पहाटे फजरच्या नमाजाहून मी परत आलो तेव्हा ती गेली होती. तुझी शाल अंगावर होती. येसाजी स्वतः आला, म्हणाला, काका, लाद्या पाठवतो, विमानानं पोरगा येईपर्यंत राहील. नातेवाईक माझ्याकडे बघत होते, आणि खरं सांगतो, क्षणभर मला तुझ्यासाठी हो म्हणावंसं वाटलं. मी नको म्हटलं. दुपारी जोहरच्या नमाजानंतर तिला दफन केलं, कबरस्तानात खाडीकडच्या बाजूला, उंडिणीच्या झाडाखाली. मुद्दाम तार केली नाही. तारेत एवढंच मावलं असतं की आई वारली, आणि ती काय म्हणाली ते बाहेर राहिलं असतं. आता तुला एप्रिलपर्यंत थांबायचं कारण नाही आणि लपायचंही नाही. घरात ज्याच्यापासून लपून राहावं असं कोणी उरलं नाही, मला सगळं ठाऊक आहे आणि कुबरालाही मी सांगितलंय. मी रोज संध्याकाळी लाँच लागते तेव्हा बंदरावर बसतो. थांबायची पाळी आता माझी आहे, जैनू, आणि मला तिच्याएवढं थांबता येत नाही.

तुझाच बाबा,
करमअली