दोघींच्या मधला बॉल

माय, आज आम्ही साकोलीत व्हॉलीबॉलची मॅच जिंकलो. हो, व्हॉलीबॉलची. तू होतीस तोवर मी हवेत उडवलेली एकच वस्तू तुला माहीत होती, सुपातलं धान, आणि तेही निम्मं खाली सांडायचं. आता या वयात गुडघ्यांना नीकॅप चढवून, पंजाबी ड्रेसवर गावाचं नाव छापलेला टी-शर्ट घालून मी बॉल उडवते. मनगटापासून कोपरापर्यंत हात लालभडक झालेत, पेन नीट धरवत नाही. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि घरातल्यांना सांगून त्यांचे कान किटले.

हे सगळं थोरल्या जावेच्या सुनेचं काम. कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून खेळायची. आमच्याकडे लग्न होऊन आली आणि विहारामागच्या पटांगणात दोन बल्ल्या गाडून तिने नेट बांधलं. सामने चाळिशीपुढच्यांचे, म्हणून ती फक्त शिकवणार; खेळायला जाऊ आणि मी धरून चाळिशी ओलांडलेल्या सहा बायका मिळाल्या. सातवी मिळाली नाही, त्यामुळे एकीचं डोकं दुखलं की अख्ख्या टीमचं दुखतं. शिकलो मात्र भराभर. हात जोडायचे, कोपरं ताठ, गुडघे वाकवून बॉलच्या खाली जायचं. तीन टचमध्ये बॉल पलीकडे गेला पाहिजे: एकीने उचलायचा, दुसरीने लिफ्ट द्यायची, तिसरीने हाणायचा. समोरच्यांकडून सर्व्हिस जिंकून घेतली की सगळ्यांनी एकेक घर सरकायचं. हा नियम मला फार आवडला. जन्मभर मागे उभी राहिलेली बाई फिरत फिरत नेटपाशी येतेच, आणि नेटपाशी मिरवणारीला मागे जावंच लागतं. ग्रामपंचायतीला लावून पाहायला हवा.

गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. बॉल सरळ अंगावर आला तर आम्ही वाघिणी. पण दोघींच्या मधे आला की दोघी थबकायच्या, एकमेकींकडे अदबीने पाहायच्या आणि बॉल मधे पडायचा, धप्प!

"आत्या, तुमाले बॉल दिसला नाई का?" सून सासूला विचारायची.

"दिसला ना. मले वाटलं हे घेईन," जाऊ माझ्याकडे बोट करायची.

"मी कशी घेऊ? बाई मोठ्या हायेत," मी म्हणायची.

"इथं कोणी मोठं नाई अन् लहान नाई, काकी! जिचा बॉल तिनं 'माझा' म्हणून ओरडाचं. आत्या, ओरडा पाहू."

जाऊ पदर नसलेल्या खांद्यावर पदर शोधायला लागली. "चार लोकात माझा-माझा कसं करू वं? लाज नाई वाटत?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मला तुझी चूल दिसली. तलावाचे मासे आणलेत, तू रस्सा केलायस, पुरुषांची जेवणं उरकलीत आणि रस्स्याच्या गंजात एकच तुकडा उरलाय. तू काकूला म्हणतेस, तू घे. काकू म्हणते, नाई, तू घे. तो तुकडा दोघींच्या मधे पडून आहे आणि मी हात पुढे करते, "हा माझा!" तुझ्या पळीचा दांडा मनगटावर बसतो. "पोरीच्या जातीनं माझं-माझं करू नये." शेवटी तो तुकडा मांजरीने नेला. तिला कोणी वळण लावलं नव्हतं.

तर आज साकोली. बायकांचा सामना म्हटल्यावर आधी भाषणं झाली. पाहुण्यांनी स्त्रीशक्तीला इतक्यांदा वंदन केलं की उन्हात उभ्या स्त्रीशक्तीला भोवळ यायची राहिली. साकोलीच्या बायका ट्रॅकपँटमध्ये, सगळ्यांचे बूट सारखे. एकाच सेटची मॅच. थोड्याच वेळात त्यांना आमची खोड कळली आणि प्रत्येक सर्व्हिस जाऊ आणि माझ्या मधे येऊ लागली. धप्प. पुन्हा धप्प. सुनेने टाइमआउट मागितला. जाऊ रडवेली झाली होती.

"झाली ना फजिती? आता उद्यापासून मी येत नाई. तुमचं तुमी पाहा."

माय, ती गेली की पाच उरतात आणि पाचांत टीम होत नाही. म्हणजे उद्यापासून संध्याकाळी पुन्हा मी, टीव्ही आणि निवडायची भाजी.

आणि तेव्हा मला दुसरी तू आठवलीस. धान लावतानाची, रोवणीतली. गुडघाभर चिखलाची बांधी, बायका रांगेत, प्रत्येकीला रोवायला आपापला पट्टा, आपापली पात, आणि बांधाच्या धुऱ्यावर धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंड्या. माशाच्या तुकड्यासाठी मान खाली घालणारी तू सगळ्यांच्या आधी चिखलात उतरतेस आणि पार धुऱ्यापलीकडे ऐकू जाईल असं ओरडतेस, "हे पात माझी वं!" शेजारणीला बजावतेस, "मधात जागा सुटली तं दोघीची लाज." तिथे तुला कोणी हावरट म्हटलं नाही.

मी जावेचा हात धरला. "बाई, बॉल म्हणजे मासा नाई. रोवणी हाय रोवणी. पात कोणाची, बोला."

तिचंही बालपण रोवणीतच गेलेलं. तिला मासा काही कळला नसेल, पण पात कळली. नाक पुसून म्हणाली, "डावीकडची माझी. अन् तू माझ्या पातीत पाय टाकू नको."

त्यानंतर ती जी ओरडायला लागली! "माझा!" रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते. सूनच दचकली. आमचे चोवीस झाले, त्यांचे तेवीस, सर्व्हिस त्यांची. बॉल आला तो नेमका बांधावर, दोघींच्या बरोब्बर मधे. जाऊ ओरडली, "माझा!" आणि त्याच क्षणी मी, जन्मात पहिल्यांदा, बेंबीच्या देठापासून, "माझा!" दोघी एकमेकींवर आदळलो, बॉल दोघींच्या हातांना एकदमच लागला. असा लागला तर दोन टच धरतात, तीन चालतात, पण तिसरी येईपर्यंत थांबतो कोण? बॉल आकाशात गेला, डुलत डुलत नेटपलीकडे उतरला आणि सारखे बूट घातलेल्या साकोलीच्या दोघींच्या मधे आला. एक म्हणाली, "घ्या ना." दुसरी म्हणाली, "तुम्ही घ्या."

धप्प!

आम्ही दोघी मातीत बसून इतक्या हसलो की पंचाने पाणी पाठवलं. जाऊ म्हणाली, "उद्या टायमावर ये. उशीर केला तं तुई पातही मी घेईन."

हे कागद आता नीकॅपच्या खोक्यात जातील, दुसरा पत्ता कुठे आहे? फक्त एक राहिलं. घरी आल्यावर मासे केले. गंजात शेवटचा तुकडा उरला तेव्हा कोणी विचारायच्या आत मी "माझा" म्हटलं आणि घेतला. चांगला लागला. पण सगळा नाही खाल्ला. अर्धा वाटीत झाकून चुलीपाशी ठेवला. घरच्यांनी विचारलं तर म्हटलं, मांजरीसाठी.

आमच्याकडे मांजर नाही, माय.