चिलखतासकट अभ्यंग

ठाणे,
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८०९

ती. सौ. अक्कास रघूचा नमस्कार.

इकडे सगळी बरी आहोत. कल्याणला भावजी नि मुलं ठीक असतील. भाऊबीजेला आलो नाही म्हणून रुसली असशील. कचेरीत काम फार होतं. तू निरांजन लावून संध्याकाळपर्यंत वाट पाहिलीस असं भावजींनी कळवलंय.

छे! दिवाळीत कुठली आली कचेरी? खरं तेच लिहितो.

आमच्या वासंतीच्या अंगात जन्मापासून बळ नाही, हे तू जाणतेसच. पाठ वाकून वाकून तिचा श्वास कोंडू लागला होता. नवरात्रात मुंबईच्या डाक्तरांनी तिला हनुवटीला नि काखेत पट्टे घालून टांगलं आणि पाठ ताणलेली असतानाच ओल्या चुन्यासारख्या लगद्याच्या पट्ट्या अंगाभोवती गुंडाळल्या. वाळल्यावर त्याचं चिलखतच झालं. अक्का, पोर पहिल्यांदा ताठ बसली! खिडकीतून खाडी बघत म्हणाली, "बाबा, डोलकाठी सरळ असते होय?"

आणि नरकचतुर्दशीला आईनं तिला न्हाऊ घातलं. चिलखतासकट! "पोरीला अभ्यंगाविना ठेवून नरकात धाडू?" म्हणाली. तेल, उटणं, कढत पाणी. मी पोचेस्तोवर चिलखताचा सगळा चिखल. आई तोंडाला पदर लावून बसलेली, आणि वासंती खिदळतेय, "आजी, पाठीला हात लागला गं!"

रागावू तरी कुणावर? लहानपणी बाळकुमच्या घरी हीच आई आपल्यावर घंगाळभर पाणी ओतायची. माझ्या डोळ्यांत उटणं जाऊ नये म्हणून तू त्यांवर हात धरायचीस. तुझ्या ओंजळीतला तो अंधार मला अजून आठवतो. किती निर्धास्त होतो गं मी.

सोमवारी तिला पुन्हा टांगायचं आहे. दुखणं जाणार नाही, पण श्वासाला जागा होईल, असं डाक्तर म्हणतात. गेल्या खेपेला "बाबा, उतरवा" म्हणून तिनं टाहो फोडला होता. आता म्हणते, "बाबा समोर उभे राहिले तरच येईन." मी हो म्हटलंय, पण तो टाहो पुन्हा ऐकवेल का, ठाऊक नाही. म्हणूनच भाऊबीजेला आलो नाही; तुझ्यापुढे पाटावर बसलो असतो तर ओवाळून होईपर्यंतही धीर धरला नसता.

आईला काही बोलू नकोस. रविवारी ती वासंतीच्या पाठीला पोटभर तेल चोळणार आहे. मीच सांगितलंय.

तू रविवारच्या गाडीनं ये. ओवाळणीचं राहू दे. सोमवारी मी पोरीसमोर डोळे उघडे ठेवून उभा राहीन. तू फक्त माझ्या मागे उभी राहा.

पाठीवर तुझा हात हवा असलेला,
तुझा धाकटा
रघू