आरोहीची एकाग्रता

३ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
आजपासून आरोहीचा मीडिया प्लॅन सुरू. वय तीन वर्षं चार महिने. म्हणजे उशीरच झालाय, पण भरून काढू. सकाळी इंग्रजी अक्षरांचे व्हिडिओ, मग चित्रांची कार्डं, संध्याकाळी मराठी गाणी. मी कर्जतला आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. पोरीचे व्हिडिओ, पुस्तकं मी शास्त्रीय पद्धतीने नाही निवडायची तर कोणी?

५ नोव्हेंबर
प्लॅन उत्तम. टीव्हीपासून फुटावर बसते, मान हलवत नाही. तीनदा हाक मारली, वळली नाही. इतकी एकाग्रता माझ्या नववीत एकालाही नाही.
बायकोचं, माधवीचं म्हणणं, आवाज फार मोठा असतो. आणि पोरगी बोलणार कधी? अजून तीनच शब्द: आई, पा, दे. मी समजावलं, हुशार मुलं उशिरा बोलतात. कुठेतरी वाचलंय. (कुठे ते शोधणे.)

९ नोव्हेंबर
पनवेलहून नऊ पुस्तकं आणली. एक आवाजाचं, बटण दाबलं की गाय हंबरते. आरोही बटण दाबते आणि पुस्तक गालाला लावून हसते. पद्धत चुकीची. दोनदा काढून घेतलं. रडली.

१३ नोव्हेंबर
आम्ही दोघं नोकरीवर असताना सोनुबाई आरोहीला सांभाळतात. भिवपुरीकडच्या गावातून येतात. आज निघताना म्हणाल्या, सर, पोरीला आयकू येत नाय वाटतं. मागं ताट पडलं, पोर हालली नाय. तुमी एकदा नीट बगा.
मी म्हटलं, ताटं जपून धरा.
माधवीने ऐकलं. डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. मी म्हटलं, तेवीस तारखेनंतर. खोपोलीत बालवाडीच्या पालकांसमोर माझं व्याख्यान आहे. विषय: लहान मुलांसाठी पुस्तकं आणि व्हिडिओ कसे निवडावेत. माधवीने कॅलेंडरवर चोवीस तारखेला गोल केला.

१८ नोव्हेंबर
स्वतः टेस्ट घेतली. आरोही पुस्तक बघत होती, मागे उभं राहून टाळी वाजवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा वळली. पास.
दुसऱ्या वेळी माझी सावली पुस्तकावर पडली होती. तिचा संबंध नसावा.
माधवीला निकाल सांगितला, सावली सोडून.

२३ नोव्हेंबर
व्याख्यान झालं. खोपोलीच्या शिळफाट्याजवळची बालवाडी, तीसेक पालक. पहिली वीस मिनिटं छान. मग प्रात्यक्षिक. आरोहीला पुढे सतरंजीवर पुस्तक देऊन बसवलं आणि मी हॉलच्या मागून माइकवर हाक मारली. एकदा. दोनदा. ती पान उलटत राहिली. मी म्हटलं, बघा, याला म्हणतात एकाग्रता. एकाने टाळी वाजवली, पुढे कोणी वाजवली नाही.
लोक गेल्यावर बालवाडीच्या शिक्षिका अबोलीताई आरोहीच्या मागे उकिडव्या बसल्या आणि शाळेची पितळी घंटा वाजवली. मला कानावर हात ठेवावे लागले. आरोहीने पान उलटलं.
अबोलीताई उठल्या. मला नाही, माधवीला एका चिठ्ठीवर कानाच्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहून दिला.
पळसदरीपर्यंत गाडीवर मागे माधवीच्या मुठीत ती चिठ्ठी होती. पुढेही.

२४ नोव्हेंबर
हॉलमध्ये घुमत असेल. घंटेच्या आवाजाची दिशा कळली नसेल.
माधवीने गुरुवारची वेळ घेतली. मला विचारलं नाही. मी रजा टाकली.

२७ नोव्हेंबर
पनवेल. काचेच्या खोलीत तास-दीड तास तपासणी. दोन्ही कान. बहुतेक जन्मापासून. कानाला मशीन लावायचं, मग बोलणं हळूहळू येईल. लवकर आणलं असतं तर सोपं गेलं असतं.
माधवीने विचारलं, किती लवकर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ते नको, आता पुढचं बघू. माधवीने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.
मी विचारलं, आता कुठले व्हिडिओ लावू? त्या म्हणाल्या, सध्या टीव्ही बंद. समोर बसा, तुमच्या तोंडावर उजेड असू दे, तिच्याशी बोला, पुस्तक वाचून दाखवा. मी विचारलं, कुठलं पुस्तक? म्हणाल्या, कुठलंही चालेल.
कुठलंही. हा शब्द वहीत लिहून घेतला.

३० नोव्हेंबर, सकाळी ११
मशीन यायला अजून दहा दिवस. आज खिडकीपाशी आरोहीसमोर बसलो. पुस्तक उघडल्यावर लक्षात आलं, मी तिला आजवर एकही वाचून दाखवलेलं नाही. लावून द्यायचो, मांडून ठेवायचो.
सुरुवात कशी करतात ते कळेना. वर्गात फळ्याकडे बघून बोलायची सवय. माधवी दारात उभी होती, म्हणाली, तोंड वर कर, तिला दिसू दे.
वाचलं. ससा, बीळ, गाजर. आरोही चित्रांकडे बघतच नव्हती. माझ्या ओठांकडे बघत होती. मग जवळ सरकून तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.
चार पानं झाली. मोठ्याने वाचलं, शेजारी सगळं ऐकू गेलं असणार. तिला किती गेलं, माहीत नाही.