तिसऱ्या हाताचा घोळ

तीर्थरूप काकांना शंकेखोर पुतणीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, काकूंची पाठ आणि तुमची नात छोटी, सगळं ठीक ना? (छोटीचं जरा सविस्तर कळवा.)

मी बरी आहे, पण डोक्याचा पार भुगा झालाय. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. लहान मुलाच्या सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब तसंच शरीर उभं करायचं, म्हणजे कुठल्या अवयवाला किती किरण लागले ते काढता येतं. वयानुसार तयार साचे असतात, पण मुलं साच्यात बसत नाहीत (मी तरी कुठे बसले? शाळेआधी सगळं तुम्हीच घरी शिकवलंत). स्कॅन बाहेरगावच्या दवाखान्यांतून येतात, नावं काढून. कोण आहे ते आम्हाला कळता कामा नये, असा नियम.

परवा चारेक वर्षांची मुलगी आली. पडद्यावर एकेक अवयव वेगळा रंगवत गेले, यकृत रंगवलं, मूत्रपिंडं रंगवली, आणि पोटावर तिसरा हात निघाला! तिचे दोन्ही हात डोक्याकडे होते, मी पुन्हा पुन्हा मोजले. हा हात चांगला दांडगा. आमचे सर म्हणाले, "अगं, कुणीतरी धरलं असेल पोरीला. टाक पुसून." मी म्हटलं, "पण सर, हात तिथे होताच ना? किरण त्यालाही लागले." "मग त्या माणसाचंही शरीर बनव!" मी विचारलं, "मनगटापर्यंतच, की पूर्ण?" तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आता पुसावा तर हिशेब खोटा, ठेवावा तर मुलीला तीन हात. सकाळी पुसते, दुपारी परत आणते.

तुमची,
गोंधळलेली पुतणी

ता. क. त्या हाताची करंगळी मधल्या सांध्यातून बाहेर वळलेली आहे, दारात चेंगरून वाकडी जुळल्यासारखी. अशी एकच करंगळी मी पाहिली आहे. बोटं मोजताना तिच्यापाशी आलं की 'पाच' म्हणायचं, हे मला शाळेआधी तिनेच शिकवलं.

ता. क. २. नियमाप्रमाणे मी कुणालाही ओळखलेलं नाही, तेव्हा कृपया काही कबूल करू नका. मी घाबरते म्हणून घरात मला काही सांगत नाहीत, तेही ठाऊक आहे. पण छोटीला काय झालंय, एवढं लगेच कळवा. आणि पुन्हा वेळ आलीच तर शिशाचा एप्रन मागून घ्या, आणि हात पोटावर नको, पायांवर ठेवा. तिला तेवढाही आधार पुरेल. तुमचा हात (चुकले, तो हात) मी पुसलेला नाही.