उन्हाची कविता कुणाची

तात्यापारा, रायपूर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय देवीदासजी,
सप्रेम नमस्कार. अभनपुरात तब्येतीला जपून असाल. इतक्या जवळ राहून चाळीस वर्षं भेट नाही, म्हणजे आपणही धन्य आहोत!

नरहरांची स्मरणशक्ती आता विरत चालली आहे. दुपारी गॅलरीत बसून ते मला चार कप चहा टाकायला सांगतात. "हिरालाल येऊन राहिला," म्हणतात. हिरालालला जाऊन नऊ वर्षं झाली. मी चहा टाकते. वाफेकडे पाहता पाहता मलाही सदर बाजाराकडून तुमची सगळी कवींची टोळी भांडत येतेय असं वाटतं आणि खरं सांगू, फार बरं वाटतं.

आमची अनुश्री वडिलांच्या कवितांचं पुस्तक काढते आहे. "आई, ये पापा की बेस्ट पोएम है," म्हणत तिनं उन्हाची कविता पहिल्या पानावर घेतली. मी नुसतं हं म्हणाले.

ती तुमची आहे. कवितेखाली नाव घालायचं नाही आणि आपली आपण वाचायची नाही, हा तुम्हा बंडखोरांचाच नियम. ती नरहरांनी मैफलीत वाचली, लोकांनी त्यांचीच समजली, पेपरात तसं छापूनही आलं. ते गप्प बसले. तुम्ही रायपूर सोडलंत.

गप्प मीही बसले. तुमच्या सायक्लोस्टाइल अंकाच्या स्टेन्सिलवर ती मीच उतरवली होती, तुमचं अक्षर ओळखत होते. पण लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कुणाची हे सांगितलं असतं, तर कुणावर हेही निघालं असतं. भ्याले मी.

काल धीर करून नरहरांना विचारलं, उन्हाची कविता तुम्ही लिहिली का?

"मी कुठं लिहिली? देवीदासनं लिहिली, तुह्यावर."

"मग तेव्हा बोलले काहून नाही?"

"वाटलं, माही समजशील तर माह्याजवळ राहशील."

मला हसूच आलं, मग रडू आलं. सगळं ओळखूनच राहिले होते मी त्यांच्याजवळ. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "हव का?" आणि डोळे मिटून घेतले.

आज सकाळी अनुश्रीला सगळं सांगून कवितेखाली तुमचं नाव घातलं. राग असेलच. तो आता माझ्यावर धरा, त्यांच्यावर नको.

तुमची गुन्हेगार,
विनोदिनी