पाळण्याला फिरतं गिऱ्हाईक

११ नोव्हेंबर
दिवाळीपासून एक पाळणा खपला नाही. जुन्नरच्या लोकांना झालंय काय? बंगला आहे, बोअर आहे, ट्रॅक्टर आहे; मूल मात्र एकच, आणि त्याचाही पाळणा ऑनलाइन. बायको साबेरा म्हणाली, महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर दुकान अनसच्या मोबाइल रिपेअरिंगला. अब्बांनी याच दुकानात पाळणे करता करता डोळे मिटले. पण पोरगा काही म्हणो, प्रॉब्लेम मार्केटिंगचा आहे.

१३ नोव्हेंबर, सकाळ
थिअरी सापडली. घरात बसलेल्या माणसाला टीव्ही असतो. फिरत्या माणसाला काय? मोकळं आभाळ. तिथे पोरंच पोरं असणार. लोणीला मेंढपाळांचा वाडा उतरलाय म्हणे, मेंढरं-घोडी-बिऱ्हाडासकट. सागवानी, मोर काढलेले पाळणे टेम्पोत भरायचे. अनस म्हणाला, अब्बू, आधी विचारून तरी बघा. धंद्यातलं याला काय कळतंय.

१४ नोव्हेंबर
लोणी. वाडा उठून गेलेला. लेंड्या तेवढ्या शिल्लक.

१५ नोव्हेंबर
पारगावच्या शिवारात सापडले. भिमाजी मेंढपाळ आणि त्याची बायको साळुबाई. पोरं दोन. फक्त! थोरला आजीकडे राहून शाळेत, धाकटी झाडाला बांधलेल्या झोळीत. विचारलं, बाकीची कुठं गेली? साळुबाई हसत सुटली. म्हणे, भाऊ, पयलं पायानं चालाय लागल्याबिगर दुसरं कसं आणायचं? घोड्यावर जागा एकाचीच. दोन-दोन पोरं तुमी उचलणार का? वर मलाच विचारते, घरात बसून तुमाला किती झाली? एकच, म्हणालो. तिला माझी दया आली.
थिअरीत किरकोळ दुरुस्ती. पोरं कमी, म्हणजे लाडाची. लाडाच्या पोराला मोरवाला पाळणाच लागणार. एक ठेवून आलो, ट्रायलवर.

२२ नोव्हेंबर
भिमाजीचा फोन. पाळणा लई मजबूत राव, अजून दोन आणा. डोळे भरून आले. अनसला पेढा दिला, मुद्दाम.

२३ नोव्हेंबर
दोन पोचवले. पोरगी अजून झोळीतच. आमचा पाळणा जमिनीवर पालथा, आत कोंबड्या. मोर डोक्यावर उभे. साळुबाई खूश. म्हणे, मुंगूस शिरत न्हाई.
विक्री ती विक्री. साबेराने विचारलं, एका पोरीला तीन पाळणे कशाला? तोंडातून निघून गेलं, त्यांच्या भावजयीला जुळं झालं.

२४ नोव्हेंबर
साबेरा टोपडी शिवतेय. दोन. जुळं बघायला जाणार. म्हणालो, फिरते लोक, आज इथे उद्या तिथे, सापडायचे नाहीत. एसटी लागते तुला, कशाला जातेस? ऐकत नाही.

२६ नोव्हेंबर
सापडले.
साबेरा संध्याकाळी परत आली. पाणी प्यायली. टोपडी माझ्यापुढे ठेवली. दोन्हींत एकेक अंडं. म्हणाली, घ्या, तुमचं जुळं.
अनस टेप लावून दुकान मोजतोय.