छाया पेखळे यांच्या शेअरची वाटणी

मी, श्रीमती छाया रंगनाथ पेखळे, वय ७४, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्या कोणत्याही कंपनीचा मागच्या तिमाहीचा नफा मला विचारून पाहावा. दबाव कोणाचा नाही. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचा आहे. मुलगा अमोल याला शेअर द्यायचे की नाही, या एका प्रश्नावर हा कागद पाच वर्षे अडला होता.

१. इंदिरानगरचा फ्लॅट मुलगी वैष्णवी हिला. तो शेअरच्या पैशांतून, कर्ज न काढता घेतलेला आहे. दारावरची माझ्या नावाची पाटी काढायची घाई करू नये.

२. बँकेतील ठेवी दोघांना निम्म्या-निम्म्या.

३. चुलत दीर सोमनाथभाऊजी यांना माझे भिंग आणि कंपन्यांच्या अहवालांचे कपाट. १९९२ च्या मार्चमध्ये आमच्या विंचूरच्या घराच्या ओट्यावर बसून हेच भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, बाजार लय वर जाणार हाय, कांद्याचे सगळे पैसे टाकून द्या. बाकी बाईमाणसाला यातलं काय कळतंय!" टाकले. महिन्या-दीड महिन्यात घोटाळा बाहेर आला आणि ऑगस्टपर्यंत बाजार जवळजवळ निम्मा झाला. भाऊजी, आता वाचा निवांत.

४. आता शेअर. माझे यजमान कांद्याचे व्यापारी. साठवणीच्या चाळीत कांदा ठेवला की रोज फिरून सडका तेवढा काढायचे, बाकीच्याला हात लावायचे नाहीत. मी शेअर तसेच सांभाळले. २००० साली लोक कॉम्प्युटरच्या कंपन्यांमागे वेडे झाले होते, मी सडक्या ओळखून काढल्या. २००८ साली निर्देशांक एकवीस हजारांवरून आठ हजारांवर आला, अख्खी कॉलनी विकत होती, मी घेत होते. नंतर तेच लोक 'शेअरवाल्या काकू' म्हणून सल्ला विचारायला आले. मला अभिमान आहे, आणि तो मी का लपवू?

२०२० च्या मार्चमध्ये मी वैष्णवीकडे पुण्याला होते. खाते फोनवरून अमोल चालवायचा. २३ तारखेला, बाजार अगदी तळाला असताना, त्याने मला न विचारता निम्मे शेअर विकले. "आई, सगळंच बुडालं असतं गं," म्हणाला. मी चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलले. तेव्हापासून पोरगा माझ्यासमोर बाजाराचा शब्द काढत नाही.

५. १९९२ साली यजमानांनी घाबरून सगळे शेअर विकले, असे मी तेहेतीस वर्षे सांगत आले. ते खोटे आहे. विकायला मी लावले. मी दिंडोरीच्या द्राक्षवाल्याची लेक. काढलेला माल चार दिवसांत गेला नाही तर मातीमोल, एवढेच मला ठाऊक. हे म्हणत होते, "छाया, हा चाळीतला माल आहे, थांब." मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा त्यांनी कागदांवर सह्या केल्या. पुढे भावकी हसायची, "रंगनाथ भ्यायला." हे मान खाली घालून सुपारी कातरत बसायचे. एकदाही माझे नाव घेतले नाही. उलट पुढच्या दिवाळीला पाच हजार रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "आता शेअर तू घे." २०११ साली ते गेले. मी त्यांची माफी मागितली नाही, याची मला लाज वाटते.

६. माझे सर्व शेअर अमोलला. वैष्णवी हुशार आहे, पण तिने अजून पडझड सोसलेली नाही. अमोल, तू माझ्यावर गेला आहेस. मलाही कोणीतरी दुसऱ्यांदा पैसे दिले होते.

७. माझ्या दशक्रियेला भावकी गोदाघाटावर जमेल. माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये. अमोलने उभे राहून कलम पाच वाचावे, मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या:
१. डॉ. भारत निकम, इंदिरानगर
२. ज्ञानेश कड, इंदिरानगर

सही: छाया रंगनाथ पेखळे
नाशिक, ९ नोव्हेंबर २०२५